दाणीच्या शेवटी

पाखऱ्या आणि हौश्याला ढेप घालायचं काम मी कोणाला देत नव्हते. घरात सालदार गडी तानबा होता, मुलगा होता, सून होती, तरी नाही. तानबाच्या हातून अर्धी ढेप खाली सांडते, मुलगा तोंडात बिडी धरून घालतो आणि सून शिंगांकडे पाहत लांबूनच घमेलं ढकलते. मुकं जनावर असलं तरी आपल्याला कोण जेवू घालतं आणि कोण टाकून जातं ते त्याला बरोबर कळतं. म्हणून दिवस कलला की लोखंडी घमेल्यात भिजवलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घेऊन मीच गुरांच्या कोठ्याच्या दारात उभी राहायची, घमेल्यावर पळीनं ठण ठण ठोकायचं आणि "या बाबू, या" म्हणायचं. दोघं वावरात असोत की नाल्यावर, मान वर करून घराकडे चालू लागत. आमच्या घरात एका हाकेत ऐकणारे ते दोघंच.

बैलांची जोडी गवळाऊ जातीची, आर्वीकडून आणलेली. पांढरी, अंगानं हलकी, पायात वारं भरलेली. माझा मुलगा रूपराव ती शंकरपटासाठी पाळायचा. आमच्या वर्धा जिल्ह्यात शंकरपट काय असतो हे लहान लेकरूही सांगेल, पण पुण्यामुंबईकडचं कोणी वाचेल म्हणून लिहिते. संक्रांत झाली की गावोगावी पट भरतात. मोकळ्या रानात सरळ लांब वाट करतात, तिला दाण म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर एक धुरकरी बसतो, तो हाकलतो. दाणीच्या शेवटी झेंडी असते. घड्याळ लावून बघतात, कोणती जोडी लवकर पोचली.

यात पळवणं सोपं. अवघड काम झेंडीच्या पुढे असतं, थांबवायचं.

रूपरावचा उजवा पाय त्या थांबवण्यातच गेला. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. मला म्हणाला, "माय, देवळीले सरकी आणाले जातो." आणि गेला पटात. जोडी दुसऱ्याची, बैलांची ना ओळख ना पाळख. पळाली म्हणे झकास. पण शेवटी हात पसरून धरायला जे उभे असतात ते जोडी अंगावर येताना बघून बाजूला झाले. जोडी उतरली नाल्यात आणि छकडा पडला रूपरावच्या अंगावर. मी कापूस वेचत होते, तिथं निरोप आला. सेवाग्रामच्या दवाखान्यात तो किती दिवस पडून होता. पाय वाचला, पण अजूनही चालताना एका अंगाला असा झुकतो, जसं शेजारच्याच्या कानात काही सांगतो आहे. पाय मोडला, शौक काही मोडला नाही. स्वतः बसणं सोडलं, जोडी पाळणं सोडलं नाही. हाकलायला गावातला चंद्रभान होता, अंगानं काडीसारखा आणि डोक्यानंही तसाच, पण हात चांगला.

एक्याऐंशीच्या साली चंद्रभानला नागपुरात गिरणीत काम लागलं. जोडी कोठ्यात खाऊन तट्ट आणि बसायला कोणी नाही. रूपराव म्हणाला, यंदा पट नाही.

त्याच दिवशी आम्ही जेवायला बसलो तर माणिक बोलला. माणिक म्हणजे माझा नातू, रूपरावचा एकुलता एक. सोळा वर्षांचा, सायकलनं देवळीच्या कॉलेजात जायचा, अकरावीत.

"बाबा, यंदा जोडी मी हाकलतो."

रूपरावनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. सून प्रमिलाच्या डोळ्यांना लगेच पाणी आलं. आमच्या प्रमिलेचं तसंच आहे, पुढच्या साली रडायचं असेल तर ती या सालापासून सुरुवात करते.

"काय म्हटलं?" रूपराव म्हणाला.

"चंद्रभानदादासंग मी दोन साल राह्यलो. जोडी मले वळखते. माहं वजन बी कमी हाये."

"माहा पाय पाह्यला का तू?"

"पाह्यला."

"रोज पाह्यते, तरी इचारून राह्यला?"

"म्हूनच इचारून राह्यलो," माणिक म्हणाला. "नाईतर गेलो असतो."

रूपराव म्हणाला, "नाई म्हंजे नाई," आणि ताटावरून उठला. भरल्या ताटावरून उठलेल्या माणसाशी बोलून फायदा नसतो, त्याला आधी भूक लागू द्यावी लागते.

सकाळी तो अंगणात दात घासत होता, तेव्हा मी गेले.

"रूप्या, एक सांग. पटात जातो म्हून तू मले इचारलं होतं का?"

"माय, सक्काळी सक्काळी काऊन उकरून राह्यली?"

"सरकी आणाले गेलता तू. ते सरकी अजून आली नाई घरी. तुह्या पोरानं सरकीचं नाव नाई काढलं. चार माणसात, तुह्या तोंडावर इचारलं. आज तू नाई म्हणशीन, तं पुढच्या साली तो बी सरकी आणाले जाईन. मंग कोणाच्या जोडीवर बसला, कोणत्या नाल्यात पडला, ते तुले दवाखान्यातच समजन."

त्यानं चूळ भरली, थुंकला, परत भरली.

"एकडाव आपल्या वावरात पाहू," शेवटी म्हणाला. "मले पटलं तं पटलं. नाई पटलं तं तू बी मधात बोलायचं नाई."

"नाई बोलत," मी म्हटलं.

ज्वारी निघून वावर मोकळं झालं होतं. दिवसभर कापसाच्या गाड्या भरायच्या म्हणून सगळ्यांनी संध्याकाळचं ठरवलं. मी गेले नाही, माझं कोठ्यातलं काम होतं. वावराच्या त्या टोकावरून माणिकनं जोडी सोडायची, आणि या टोकाला, जिथून गावाकडे पांदण सुरू होते, तिथं तानबा आणखी दोघं घेऊन हात पसरून उभा राहणार.

मी नेहमीप्रमाणं ढेप घेतली, दारात आले, ठण ठण केलं, हाक दिली. आणि पांदणीतून धूळ उठलेली दिसली. धुळीत दोन पांढरी तोंडं, मागं रिकाम्या डब्यासारखा उडणारा छकडा, त्यावर पालथा पडून कासरा धरलेला माझा नातू. प्रमिला ओसरीवर तांदूळ निवडत होती, तिच्या हातातलं सूप पडलं. जोडी अंगणाच्या फाटकातून आत आली, माझ्यासमोर थांबली, आणि दोघांनी एकाच वेळी घमेल्यात तोंड घातलं.

माणिक खाली उतरला. कोपर सोललेलं, तोंड चुन्यासारखं पांढरं, आणि तरी हसू काही मावत नव्हतं.

"आजी, पाह्यलं का?" म्हणाला.

मागून लंगडत रूपराव आला. लंगडत पळणारा माणूस पाहवत नाही. त्यानं पोराला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, हाडं जागेवर आहेत याची खात्री केली आणि मग एक थोबाडीत दिली.

"झालं," तो म्हणाला. "तानबाच्या हाती नाई लागली, कोणाच्याच हाती नाई लागली. ज्याले थांबवता येत नाई त्यानं हाकलायचं नाई. माय, तू बोलायचं नाई, ठरलं हाये."

ठरलं होतं, म्हणून मी बोलले नाही. प्रमिला तर माझ्याशी आणि नवऱ्याशी, दोघांशीही बोलेना. घरात फक्त बैल समाधानी होते.

दुसऱ्या दिवशी मी वावरात निघाले, पांदणीनं. मऊ धुळीत छकड्याच्या चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या. मी बघत बघत गेले. जोडी बिथरली तर ती वाकडी पळते, काठाला घासते, बाभळीत शिरते. इथं खुणा सुतासारख्या सरळ. आणि एक गंमत. पांदणीतल्या कडुनिंबापासून पुढं खुरांच्या खुणा जवळ जवळ पडल्या होत्या, म्हणजे तिथून पुढं जोडी आपणहून हळू झाली होती. पळीची ठण ठण वावरापर्यंत जाते, पण माझी हाक त्या निंबापासूनच ऐकू येते हे मला माहीत, रोज तिथं आले की दोघं चाल कमी करतात. फाटकाच्या खांबाला छकडा लागलासुद्धा नव्हता.

मी तिथूनच परत फिरले. रूपराव गाडीवर कापूस दाबत होता.

"खाली उतर," मी म्हटलं.

"माय, आपलं ठरलं..."

"मी पोट्ट्याचं नाई बोलत, बैलाचं बोलतो. काल तुही जोडी बेकाबू नाई झाली, जेवाले आली. संध्याकाळी पळवायचं तुमचं डोस्कं. त्यायची जेवाची वेळ, इकडून माही हाक, आणि तानबा मधात हात पसरून उभा. तू जेवाले निघाला अन् कोणी रस्त्यात आडवा आला, तं तू थांबशीन का?"

तानबा खालून म्हणाला, "मावशी, माह्यावर आलतेच ना ते."

"तुले पाहून कोण थांबन, तानबा. तुह्या हातात काय होतं?"

रूपराव माझ्याबरोबर पांदणीत आला. निंबापाशी बसून त्यानं खुणा बोटानं मोजल्यासारख्या केल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठला.

"बरं, मानलं," म्हणाला. "पण पटात झेंडीच्या पुढं जेवाले कोण घालन?"

"मी."

"तू?"

"काऊन, मले पाय नाईत?"

"तथी बाया नसते, माय. लोक हासतीन."

"तुहा पाय मोडला तवा लोक रडले का?"

तो हसला. पाय मोडल्याच्या गोष्टीवर त्याला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही मग रीतसर तयारी केली. रोज सकाळी माणिक वावराच्या त्या टोकावरून जोडी सोडायचा आणि मी दर दिवशी वेगळ्या जागी उभी राहायची. कधी धुऱ्याच्या बांधावर, कधी नाल्याच्या अलीकडे, कधी खळ्यात. जोडी मला शोधत यायची. माणिकलाही एक गोष्ट समजली: ठण ठण ऐकू आलं की कासरा ओढत बसायचं नाही, सैल सोडायचा आणि पाय घट्ट रोवायचे. हे मी त्याला शिकवलं नाही, चंद्रभानलाही ते येत नव्हतं. त्याचं त्यालाच आलं.

प्रमिला म्हणाली, "आत्याबाई, मी येणार नाई. माह्याच्यानं पाहवणार नाई."

"नोको येऊ," मी म्हटलं. "पण पोट्टा निघन तवा रडू नोको. हसत निरोप देजो."

पटाच्या सकाळी ती हसली नाही, पण रडलीही नाही. ढेप तिनंच भिजवली होती. घमेलं फडक्यात बांधून माझ्या हाती दिलं. जरा जड लागलं म्हणून मी सोडून पाहिलं, तर ढेपीत गुळाचा खडा. आमच्या घरात गूळ माझ्या कुलपात असतो. तिनं तो कुठून काढला हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

पट देवळीकडच्या एका गावात होता. गाड्या, सायकली, भज्यांची दुकानं, आणि दाणीच्या शेवटी एका उंच बांबूवर भोंगा बांधलेला. त्यातून एक जण सारखा ओरडत होता आणि ओरडायला काही नसलं की गाणं लावत होता. मी झेंडीच्या पुढच्या मोकळ्या रानात जाऊन बसले, घमेलं मांडीवर. पटाच्या मंडळातले बंडूजी धोतर सावरत धावत आले.

"ओ आजी, इथी नोका बसू. इथी जोड्या येतेत."

"माही जोडी येणार हाये, म्हून तं बसली."

"बाजार तिकडं हाये, भाकरी विकाची असन तं."

"बंडूजी, तुम्ही आंजीच्या प्रभाकररावचे जावई ना? तुमच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. तवा बी तुम्ही असेच मधात मधात करत होते. जा तिकडं."

आजूबाजूचे लोक हसले. बंडूजी म्हणाले, बसा, पण आमची जबाबदारी नाही. मी म्हटलं, मागितली कोणी.

आमच्या आधीची जोडी सुटली. पळाली चांगली, पण झेंडी ओलांडल्यावर धरणाऱ्यांना हूल देऊन भज्यांच्या दुकानात शिरली. धुरकरी उडी मारून वाचला, भजी वाचली नाहीत. रूपराव माझ्याजवळ उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

"माय," तो हळूच म्हणाला, "अजून बी वेळ हाये. वापस नेऊ."

मी घमेल्याचं फडकं सोडलं आणि पळी हातात घेतली.

"पोट्टा जोडीवर बसला," मी म्हटलं. "आता त्यानं इकडं पाह्यलं तं त्याले काय दिसलं पाह्यजे? तुहं हे तोंड?"

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

मग लांबवर जोडी सुटली. दाणीच्या शेवटून बघताना पळणं दिसत नाही, फक्त दोन पांढरे ठिपके मोठे होत जातात. ठिपक्यांची डोकी झाली, डोक्यांना शिंगं आली, आणि मध्ये, खाली वाकलेलं, माझ्या नातवाचं काळं डोकं. ती झेंडी ओलांडून पुढं आली. हात पसरलेले लोक दोन्ही बाजूंना पांगले. मी उठले, घमेल्यावर पळी मारली, हाक दिली.

माझी हाक मलाच ऐकू आली नाही. भोंग्यातला माणूस वेळ सांगत होता, गाव सांगत होता, रूपरावचं नाव चुकवत होता. जोडी माझ्या डाव्या अंगानं चालली होती, सरळ, आणि तिकडं नाला होता.

मी पळी मारत राहिले. तेवढ्यात शेजारी बघते तर रूपराव नाही. तो माझा लंगडा मुलगा भोंग्याच्या बांबूकडे धावत होता, आणि कोणाला काही समजायच्या आत त्यानं तार दोन्ही हातांनी धरली आणि उपटली.

एकदम सगळं रान गप्प झालं. त्या शांततेत ठण ठण असं वाजलं की मीच दचकले.

"या बाबू, या."

पाखऱ्याचा कान हलला. मग हौश्याचा. माणिकनं कासरा सैल सोडलेला मी पाहिला. जोडी वळली, अशी मोठी, गोल, सावकाश, जसं पाहुणे ताटाकडे वळतात. पळण्याचं चालणं झालं. मी जागची हलले नाही. हौश्याचं ओलं नाक घमेल्याला लागलं, घमेलं माझ्या पोटाला लागलं, मी दोन पावलं मागं गेले, आणि झालं. दोघं खाऊ लागले. गुळाचा खडा पाखऱ्यानं आधी शोधला.

माणिक उतरला. छकड्याला धरून उभा राहिला.

"आजी, बाबा कुठी गेले?"

बाबा भोंगेवाल्याच्या तावडीत होते. भोंगेवाला त्याला काय काय म्हणत होता, आणि रूपराव हातात तार घेऊन नुसता हसत होता. शेवटी बंडूजींनीच सोडवलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "आजी, पुढच्या साली या, पण या तुमच्या लेकाले घरी ठेवा."

आमचा नंबर तिसरा आला. बक्षीस स्टीलची बादली. माणिक जरा खट्टू झाला, त्याला पहिला पाहिजे होता. मी म्हटलं, पहिला आलेल्याला फेटा मिळाला, फेट्यात ढेप भिजवता येते का.

येताना गाडीवर आम्ही चौघं, तानबा धरून. गाडीला पाखऱ्या-हौश्या, छकडा मागं बांधलेला. गाव दिसायला लागलं तसं रूपराव पोराला म्हणाला, "कासरा दे जरा." पाय मोडल्यापासून या माणसानं पटाच्या जोडीच्या कासऱ्याला हात लावला नव्हता, दुसऱ्याकडूनच हाकलून घेतली होती. माणिकनं कासरा दिला. जोडी ओळखीच्या रस्त्यावर आली होती, ती आपोआप दुडक्या चालीवर आली. रूपराव गुणगुणत होता.

"रूप्या, हळू," मी म्हटलं.

"मी नाई पळवून राह्यलो, माय. तेच पळून राह्यले."

मग मलाही ऐकू आलं. ठण ठण, ठण ठण. कडुनिंबाच्या पुढं आमच्या फाटकात प्रमिला उभी होती, हातात दुसरं घमेलं आणि पळी. "या बाबू, या" असं तिला म्हणता येईना, लाज वाटत असावी, ती नुसती ठोकत होती. जोडी थेट तिच्यापुढं जाऊन थांबली. ती शिंगांना भ्यायची ना, पण हलली नाही. डोळे तेवढे मिटले होते. उघडले तेव्हा तिनं आधी पोराकडं पाहिलं, वरून खाली, खालून वर.

"जेवले का?" तिनं विचारलं, आणि बैलांना विचारलं की माणिकला, ते मला आजपर्यंत समजलं नाही.

"एकडाव जेवले," मी म्हटलं. "तरी खाईन. घाल."

संध्याकाळी ती माझे पाय चेपायला बसली. हे ती काही मागायचं असलं तरच करते.

"आत्याबाई, पुढच्या साली बी जाईन का तो?"

"इचारन तं जाईन. न इचारता बी जाईन. इचारलेलं बरं."

"तुमचे गुडघे दुखते. एवढं उन्हात उभं राहणं तुमच्यानं होणार नाई," ती म्हणाली. "मी उभी राहीन."

याला आता बरीच वर्षं झाली. माणिक चार साल पटात बसला, दोनदा पहिला आला, एकदा पडला आणि त्याचा खांदा उतरला होता, तोही पुन्हा जागेवर बसला. मग लग्न झालं, वजन वाढलं, आपणहूनच सोडलं. लोक मला अजून विचारतात, देवकाबाई, एकुलता एक नातू तुम्ही असा कसा जाऊ दिला. मी म्हणते, जाऊ कुठं दिला, आम्ही सगळे संगं गेलो.

ढेप तेव्हापासून सूनच घालते. माझ्यापेक्षा जरा जास्तच घालते, बादलीभर भिजवते. मी त्यात बोलत नाही. एकदोनदा बोलले असेन.